बाळाचं दूध आणि जेवण: सहा महिन्यांनंतर दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

"डॉक्टर, बाळ काहीच खात नाही. दोन घास घेतले की तोंड फिरवतं. भूक वाढण्यासाठी एखादं टॉनिक द्या ना." नऊ महिने ते दीड वर्ष या वयाच्या बाळांचे पालक ही तक्रार वारंवार घेऊन येतात. अशा वेळी टॉनिक लिहिण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: चोवीस तासांत बाळ दूध किती पितं? रात्रीचं, झोपताना दिलेलं, रडलं म्हणून दिलेलं, आजीने दुपारी दिलेलं, असं सगळं धरून किती होतं?

हा हिशेब मांडला की बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. बाळाची भूक हरवलेली नसते. ती दुधाने भरलेली असते.

दूध चांगलं आहे यात शंका नाही. पण सहा महिन्यांनंतर बाळाच्या आहारात दुधाची जागा हळूहळू बदलायला हवी. हा बदल वेळेवर झाला नाही, तर वजन ठीक दिसत असूनही बाळाच्या शरीरात लोहाची कमतरता होऊ शकते. हे वय मेंदूच्या वाढीचं असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. दूध किती द्यायचं, जेवण किती द्यायचं आणि कोणतं आधी द्यायचं, ते या लेखात पाहू.

सहा महिन्यांनंतर काय बदलतं?

पहिले सहा महिने आईचं दूध हेच बाळाचं संपूर्ण अन्न असतं. त्या काळात पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर बाळाची गरज वाढत जाते आणि आईचं दूध उत्तम असलं तरी एकटं पुरत नाही.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला साधारण ६०० कॅलरी लागतात. त्यातल्या सुमारे २०० जेवणातून मिळायला हव्यात, म्हणजे एक तृतीयांश. नऊ ते अकरा महिन्यांत जेवणाचा वाटा सुमारे ३०० कॅलरींवर जातो. एक वर्ष पूर्ण झाल्यावर दिवसाच्या साधारण ९०० कॅलरींपैकी सुमारे ५५० जेवणातून यायला हव्यात. थोडक्यात, सहाव्या महिन्यात दूध मुख्य आणि जेवण जोडीला असतं. वर्ष उलटल्यावर जेवण मुख्य आणि दूध जोडीला असायला हवं. हा बदल एका दिवसात होत नाही, त्यासाठी आपल्याकडे सहा महिने असतात.

काही घरांत मुहूर्त, पाहुणे किंवा प्रवास यामुळे उष्टावण लांबतं आणि त्याबरोबर जेवण सुरू करणंही लांबतं. उष्टावणाचा समारंभ सोयीने करा, पण सहा महिने पूर्ण झाले की बाळाला भरवायला सुरुवात कराच.

लोहाचा साठा आणि दूध

नऊ महिने पोटात असताना बाळ आईकडून लोह साठवून घेतं. हा साठा साधारण सहा महिने पुरतो. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा गरोदरपणात आईला रक्तक्षय असेल, तर तो आणखी लवकर संपतो. त्यानंतर लोह अन्नातूनच मिळवावं लागतं, कारण कोणत्याही दुधात ते फारच कमी असतं. आईच्या दुधातलं थोडं लोह निदान चांगलं शोषलं जातं. गाई-म्हशीच्या दुधातलं तेवढंही शोषलं जात नाही. उलट त्या दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जेवणातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणतात.

एक उदाहरण घेऊ. चौदा महिन्यांचं एक बाळ दिवसाला एक लिटर गाईचं दूध पितं. त्यातून त्याला सुमारे ६५० कॅलरी मिळतात, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. म्हशीचं साईसकट दूध असेल, तर दिवसाची सगळी गरज दुधातच भागते. मग त्या बाळाला वरण-भाताची भूक कुठून लागणार? या वयात रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे आणि लिटरभर दुधात ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पोट भरतं, वजन वाढतं, गाल गुबगुबीत दिसतात आणि आतून रक्त कमी होत जातं.

पुढे एक दुष्टचक्र सुरू होतं. लोह कमी झालं की भूक मंदावते. भूक मंदावली की बाळ जेवत नाही. जेवत नाही म्हणून घरचे आणखी दूध देतात, आणि लोह आणखी कमी होतं. शिवाय जास्त दुधाने बद्धकोष्ठता होते. पोट घट्ट असलं की जेवायला नको वाटतंच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) भारतातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण जवळजवळ ६९ टक्के होतं. या सगळ्यांचं कारण दूधच आहे असं नाही. पण वेळेवर आणि पुरेसं जेवण सुरू न होणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे. पहिल्या दोन वर्षांत लोह बराच काळ कमी राहिलं तर बाळाचं शिकणं, लक्ष देणं आणि वागणं यांवर परिणाम होऊ शकतो. नंतर औषधाने हिमोग्लोबिन वाढतं, पण झालेली सगळी हानी भरून निघेलच असं सांगता येत नाही. म्हणून ती वेळ येऊ न देणंच बरं.

अंगावरचं दूध आणि वरचं दूध: दोन्हींना एकच नियम नाही

"दूध कमी करा" हा सल्ला ऐकून काही जणी घाबरून अंगावरचं पाजणंच बंद करतात. असं करू नका. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आजारपणात बाळ जेवण सोडतं तेव्हा बहुतेक वेळा हेच दूध त्याला तारून नेतं. त्याचं प्रमाण मोजायची गरज नाही. फक्त पाजण्याच्या वेळा जेवणाच्या आड येणार नाहीत एवढं पाहायचं.

मोजायचं आहे ते वरचं दूध: गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं किंवा पावडरचं.

एक वर्षाच्या आत आईचं दूध काही कारणाने कमी पडत असेल, तर गाई-म्हशीच्या दुधाऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉर्म्युला दूध देणं योग्य ठरतं, कारण त्यात लोह घातलेलं असतं. लहान वयात गाईच्या दुधामुळे काही बाळांच्या आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा थोडा थोडा रक्तस्रावही होतो. स्वयंपाकात थोडं दूध किंवा दोन-चार चमचे दही वापरायला हरकत नाही. पण पेलाभर प्यायला देण्यासाठी वर्ष पूर्ण होऊ द्या.

एक वर्षानंतर गाईचं किंवा म्हशीचं दूध देता येतं. दिवसभरात सगळं मिळून ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. यात दही, खीर आणि दुधात शिजवलेलं सत्त्वही धरायचं. बाळ अंगावर चांगलं पीत असेल, तर वरचं दूध याहून कमी दिलं तरी चालतं.

वयानुसार किती जेवण, किती दूध?

आधी एक काम करा. घरातल्या ज्या वाटीने भरवता ती पाण्याने भरून मापून बघा. खाली दिलेलं माप २५० मिलिलिटरच्या वाटीचं आहे. आपल्याकडच्या आमटीच्या वाट्या बऱ्याचदा यापेक्षा लहान असतात.

- सहा ते आठ महिने: दिवसातून दोन ते तीन वेळा जेवण. सुरुवातीला दोन-तीन चमचे, मग वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. अंगावरचं दूध मागेल तेव्हा. फॉर्म्युला असेल तर दिवसाला साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर.
- नऊ ते अकरा महिने: तीन ते चार वेळा जेवण, दर वेळी अर्धी ते पाऊण वाटी. त्याशिवाय एक-दोन वेळा मधलं खाणं. अंगावरचं दूध चार-पाच वेळा. फॉर्म्युला असेल तर साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर.
- एक ते दोन वर्षं: तीन ते चार वेळा जेवण, दर वेळी पाऊण ते एक वाटी. त्याशिवाय एक-दोन वेळा मधलं खाणं. अंगावरचं दूध जेवणांच्या मधल्या वेळात, किंवा वरचं दूध ४०० ते ५०० मिलिलिटर.

हे आकडे अंदाजासाठी आहेत. एखादं बाळ एका वेळी कमी खाईल आणि पुढच्या वेळी भरपूर खाईल. एकेका घासाचा हिशेब ठेवण्यापेक्षा आठवड्याचा अंदाज घ्या.

आधी दूध की आधी जेवण?

सहा ते आठ महिन्यांत बाळ नुकतंच खायला शिकत असतं. फार भुकेलं असेल तर चमचा बघून चिडतं. म्हणून या वयात आधी थोडं दूध पाजून मग भरवलं तरी चालतं.

नऊ महिन्यांनंतर क्रम बदला: आधी जेवण, मग दूध. जेवणाच्या आधीचा दीड-दोन तासांचा वेळ दुधाविना जाऊ द्या. त्या वेळात तहान लागली तर पाणी द्या. बाळाचं पोट लहान असतं. साडेबारा वाजता भरवायचं असेल आणि बारा वाजता २०० मिलिलिटर दूध पोटात गेलं असेल, तर खिचडी कितीही चविष्ट असली तरी ते तोंड फिरवणारच.

नमुन्याचा दिवस

दहा महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाचा दिवस असा असू शकतो:

- सकाळी ६.३०: अंगावरचं दूध
- ८.३०: मुगाच्या डाळीचं मऊ धिरडं किंवा नाचणीची घट्ट पेज, अर्धी वाटी
- १०.३०: मालीश, आंघोळ, मग दूध आणि झोप
- १२.३०: मूगडाळीची मऊ खिचडी, त्यात बारीक चिरलेला पालक, एक चमचा तूप आणि वरून लिंबू, अर्धी ते पाऊण वाटी
- ३.००: दूध
- ५.००: कुस्करलेलं केळं, चिकू किंवा पपई
- ७.३०: घट्ट वरणात कुस्करलेली बाजरीची भाकरी किंवा वरण-भात आणि अंडं
- ९.००: दूध आणि झोप

चौदा महिन्यांच्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला सकाळी उठल्यावर सुमारे १५० मिलिलिटर, दुपारच्या झोपेनंतर १५० आणि रात्री जेवण झाल्यावर १०० मिलिलिटर दूध पुरे. बाकी नाश्ता, दोन जेवणं आणि मधलं खाणं घरच्यांबरोबर.

तुमच्या घरातल्या वेळा वेगळ्या असतील. घड्याळ काटेकोर पाळायची गरज नाही. जेवण आणि दूध यांच्यात अंतर राहिलं की झालं.

वाटीत काय असावं?

बाळ जेवतं, पण वाटीतलं अन्न पातळ असेल, तर जेवणाची जागा पाणीच घेतं. डाळीचं नुसतं पाणी, भाताची पेज किंवा भाज्यांचं सूप याने पोट भरतं, ताकद मिळत नाही. चमचा तिरका केला तरी अन्न लगेच ओघळणार नाही, एवढं ते घट्ट हवं. वरच्या पाण्याऐवजी खालची शिजलेली डाळ द्या.

- डाळ, कडधान्य, अंडं किंवा मांसाहार रोज हवा. मोड आलेले मूग-मटकी शिजवून कुस्करून द्या. मोड आल्यामुळे त्यातलं लोह अधिक चांगलं शोषलं जातं. घरी चालत असेल तर अंडं, काटे काढलेले मासे, खिमा किंवा चिकनची कलेजी थोड्या प्रमाणात द्या. त्यांतलं लोह शरीराला सहज मिळतं.
- आंबट काहीतरी जोडीला. लिंबू, टोमॅटो, आवळा, संत्रं किंवा पेरूचा गर यांतल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शोषायला मदत होते.
- तूप किंवा तेल. दर जेवणात एक छोटा चमचा. वाटी तेवढीच राहते आणि कॅलरी वाढतात.
- नाचणी द्या, पण फक्त नाचणी नको. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. लोहासाठी बाजरी, डाळी आणि कडधान्यंही हवीत.
- दुधात कुस्करलेली पोळी हे रोजचं जेवण नको. पोळी तीच, पण वरणात किंवा उसळीच्या रश्शात कुस्करली तर बाळाला डाळही मिळते. दूध-बिस्किट हेही जेवण नाही. चहा अजिबात नको. त्यामुळे लोहाचं शोषण आणखी कमी होतं.

वर्षाच्या आत मध देऊ नका. मीठ आणि साखर घालू नका. शेंगदाणे कूट करून द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षं देऊ नका, ती श्वासनलिकेत अडकू शकतात.

मिक्सरचा वापरही वेळेत कमी करा. आठ-नऊ महिन्यांपासून हाताने कुस्करलेलं, मऊ कण असलेलं अन्न द्या. दात नसले तरी बाळ हिरड्यांनी चावतं. दहा महिन्यांपर्यंत सगळं पिठासारखं वाटलेलंच मिळालं, तर पुढे कण लागला की उमासे येतात आणि बाळ पुन्हा दुधाकडे वळतं.

बाळ खूप दूध पीत असेल तर ते कमी कसं करायचं?

वर्ष उलटून गेलं आहे आणि दिवसाला ८०० ते १००० मिलिलिटर वरचं दूध जात आहे, असं असेल तर दूध एकदम बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करा.

१. दोन दिवस सगळं लिहून ठेवा. किती वाजता, किती दूध, कोणी दिलं. बरेचदा घरच्यांनाच हा आकडा पाहून आश्चर्य वाटतं.

२. सर्वांत आधी जेवणापूर्वीचं दूध काढा. त्या वेळी पाणी द्या किंवा थोडं खेळवा.

३. बाटलीऐवजी पेला किंवा वाटी-चमचा वापरा. बाटलीने बाळ न थांबता, अर्धवट झोपेतही पीत राहतं. पेल्याने ते पोट भरलं की थांबतं. बाटली १२ ते १८ महिन्यांदरम्यान पूर्ण सुटायला हवी.

४. रात्रीची बाटली दर दोन-तीन दिवसांनी ३० मिलिलिटरने कमी करा. रात्रभर तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळांचे पुढचे दात किडतात, हे आणखी एक कारण. झोपवण्यासाठी थोपटणं, गाणं, पाणी असा दुसरा क्रम लावा.

५. जेवण नाकारलं म्हणून लगेच दूध देऊ नका. ताट शांतपणे उचला आणि मधल्या खाण्याच्या वेळी पुन्हा खायला द्या. जेवण नको म्हटलं की दूध मिळतं, हे बाळ दोन दिवसांत शिकतं.

पहिले तीन-चार दिवस रडारड होईल. या दिवसांत घरातल्या सगळ्यांचं एकमत असणं फार महत्त्वाचं आहे. आईने दूध थांबवलं आणि आजोबांनी कळवळून बाटली भरली, तर बाळाचाच गोंधळ होतो. आजी-आजोबांच्या काळजीमागे प्रेमच असतं. त्यांना आधी बसून समजावून सांगा, शक्य असेल तर डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या.

बाळ आजारी असेल, वजन मुळातच कमी असेल किंवा वर्षाच्या आतलं असेल, तर हे टप्पे स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

बाळ फक्त अंगावर पितं, जेवण घेतच नाही

ही दुसरी बाजू आहे आणि तितकीच गंभीर आहे. आठ-नऊ महिने होऊनही बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तर लोहाबरोबर ब१२ जीवनसत्त्वाचाही विचार करावा लागतो. आई पूर्ण शाकाहारी असेल आणि तिच्याच शरीरात ब१२ कमी असेल, तर दुधातूनही ते कमी येतं. अशी बाळं मलूल होतात, हसणं कमी होतं, बसायला लागलेलं बाळ पुन्हा बसेनासं होतं, हात थरथरतात, बोटांच्या पेरांवरची त्वचा काळवंडते, केस विरळ आणि भुरे होतात. यातलं काहीही दिसलं तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वेळेवर उपचार मिळाले तर बरीच सुधारणा होते.

असं लक्षण नसेल, तर भरवण्याचं काम काही दिवस आईऐवजी बाबांना किंवा आजीला करू द्या. आई समोर असली की बाळाला दूधच आठवतं.

आई नोकरीवर जात असेल तर

दिवसभर बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात असतं आणि रात्रभर अंगावर पितं. मग सकाळी भूक नसते, आणि आईचीही झोप होत नाही. अशा वेळी दिवसाची जेवणं ठरलेल्या वेळी आणि घट्ट असतील याकडे लक्ष द्या. काढून ठेवलेलं आईचं दूध स्वच्छ झाकणबंद भांड्यात खोलीच्या तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये २४ तास ठेवता येतं. कडक उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवा. संध्याकाळी घरी आल्यावर अंगावर घ्या, थोडा वेळ जवळ घेऊन बसा. मात्र रात्रीचं जेवण साडेसात-आठला असेल, तर हे पाजणं सहाच्या आत उरका.

भरवताना जबरदस्ती नको

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन साधारण तीन किलोंनी वाढतं. नऊ ते बारा महिन्यांच्या काळात ते सुमारे ७०० ग्रॅमच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही थोडी कमी होते. हे नैसर्गिक आहे.

नाक दाबून, हात धरून किंवा मोबाईल दाखवून भरवू नका. मोबाईल बघताना बाळाला चव आणि पोट भरल्याची जाणीव दोन्ही कळत नाहीत. घरातल्यांबरोबर बसवा, त्याच्यापुढे छोटं ताट ठेवा, हाताने खाऊ द्या. सांडेल, माखेल, चालेल. वीस-पंचवीस मिनिटांत जेवण आटोपतं घ्या. नवा पदार्थ बाळ आठ-दहा वेळा थुंकून अकराव्या वेळी आवडीने खातं, म्हणून लगेच "हिला भोपळा आवडत नाही" असं ठरवू नका.

ताप किंवा जुलाब असताना बाळ जेवणार नाही. तेव्हा अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा आणि जेवण थोडं थोडं देत राहा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

लोहाचं औषध

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून दोन वेळा एक मिलिलिटर लोह-फॉलिक ॲसिडचं औषध दिलं जातं. आशाताई, अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्रात विचारा. हे औषध दुधाबरोबर किंवा दुधात मिसळून देऊ नका. जेवण झाल्यावर थोड्या वेळाने द्या. शी काळपट होते, त्याची काळजी नको. हा डोस कमतरता टाळण्यासाठी आहे. रक्तक्षय झालेला असेल तर डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात. बाळाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना विचारूनच लोह द्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

- तळहात, ओठ किंवा डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकट दिसत असेल
- बाळ माती, भिंतीचा चुना किंवा कागद खात असेल
- दोन-तीन महिन्यांत वजन वाढलं नसेल किंवा कमी झालं असेल
- दूध आणि जेवण दोन्ही नाकारत असेल, मलूल असेल किंवा लघवी कमी होत असेल
- गिळताना दर वेळी ठसका लागत असेल, किंवा दहा महिने झाले तरी कणीदार अन्नाने उलटी होत असेल
- शी फार कडक होत असेल किंवा त्यात रक्त दिसत असेल
- बसणं, रांगणं, हसणं यात बाळ मागे जात असेल

जाताना दोन गोष्टी बरोबर न्या: दोन दिवसांच्या दूध-जेवणाची नोंद आणि वजनाच्या नोंदी असलेलं बाळाचं कार्ड. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, ते चुकवू नका. या दोन कागदांवरून बाळ खरंच कमी खातं आहे, की दुधाने पोट भरलेलं आहे, की तपासणीची गरज आहे, हे ठरवणं डॉक्टरांना बरंच सोपं जातं. हिमोग्लोबिनची साधी तपासणी लागली तर ती करून घ्या. आणि आज रात्रीपासून एवढं तरी करा: आधी वाटी, मग दूध.